बाथरूमला खिडकी आहे का?

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब आटोपला, चहा फिरला आणि नेहमीप्रमाणे गप्पा सुरू झाल्या. दिवाळी तोंडावर, त्यामुळे कुणी भाजणीचं बोलत होतं, कुणी साडीचं. इतक्यात एकीने मला विचारलं, "वहिनी, पाण्यासाठी गॅसचा गीझर घेऊ की लाइटचा? दुकानदार म्हणतो, गॅसचा घ्या, बिल येत नाही. आमचे हेही म्हणतात, तोच आणू या."

मी विचारलं, "तुझ्या बाथरूमला खिडकी आहे का?"

सगळ्या हसल्या. ती म्हणाली, "अहो वहिनी, मी गीझरचं विचारतेय!"

"मीही गीझरचंच विचारतेय गं."

तिने जरा आठवून सांगितलं, "आहे, पण बंदच असते. समोरच्यांच्या गच्चीतून दिसतं ना..."

यावर मला काही हसू आलं नाही. कारण हेच उत्तर आमच्या घराला एकदा फार महागात पडता पडता राहिलं आहे. ती हकिगत मी त्या दिवशी गटात सांगितली. मग वाटलं, ही तुम्हालाही सांगावी. दिवाळीच्या आधी गीझर घेणारं घर काही एकटं तिचंच नसेल!

मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं, कोकणात कसली आलीय थंडी? समुद्र जवळ, हवा सौम्य, हे खरंच. पण आमचं दापोली जरा उंचावर. डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि पावसाळ्यात तर भिंतीसुद्धा ओल्या लागतात. थंड देशांत अख्खं घर तापवायची सोय असते म्हणे. आपल्याला त्याची गरज नाही. आपल्याकडे ऊब लागते ती आंघोळीच्या पाण्याला, बाळंतिणीच्या खोलीला आणि म्हाताऱ्या माणसांच्या अंथरुणाला. गंमत अशी की हे तिन्ही बाईच्याच वाटणीचं. तापवायचं तिने, पुसायचं तिने, बंद पडलं की मिस्त्रीला फोन तिने करायचा. विकत काय आणायचं हे ठरवायला मात्र दुकानात घरातले पुरुष जातात. आणि बाथरूमची खिडकी उघडी असते की बंद, हे त्यांना ठाऊक नसतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या जुन्या घरी न्हाणीघर मागच्या पडवीला लागून होतं. वर कौलं, भिंतीत झरोका, दार खालून चार बोटं उचललेलं. एका कोपऱ्यात चुलवण आणि त्याच्याशेजारी सासूबाईंच्या माहेरून आलेला तांब्याचा बंब. त्याच्या मधल्या नळीत काटक्या, करवंट्या, नारळाची सोडणं घालायची. वाया जाणाऱ्या पातेऱ्यावर घरातल्या आठ माणसांच्या आंघोळी व्हायच्या. पाण्याला धुराचा एक वास असायचा, तो अजून नाकात आहे.

पण बंबाचं कौतुक करताना पहाटे उठून तो पेटवायचा कुणी, हे आपण सोयीने विसरतो. पावसात ओली झालेली सोडणं फुंकून फुंकून सासूबाईंचे डोळे लाल व्हायचे. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या त्या बाईला शेवटची दहा वर्षं दम्यासारखा खोकला होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून पहिलं काय विचारलं असेल? "आजी, चूल किती वर्षं पेटवताय?" तेव्हा बंब गेला याचं मला दुःख नाही. दिवाळीला चिंच-मीठ लावून तो लखलखीत करायचा, गळ्यात कारिटाची वेल बांधायची, एवढंच मला आठवायला आवडतं.

त्या जुन्या न्हाणीची एक गोष्ट मात्र आमच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती. तिथे जाळ होता, तसा वाराही होता. कौलांच्या फटींतून धूर निघून जायचा आणि दाराखालून हवा आत यायची. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं, घरच तसं होतं. नवीन स्लॅबची घरं बांधताना आपण जाळ आत नेला आणि वारा बाहेर ठेवला.

आता ती हकिगत. २०१८ची नरकचतुर्दशी. धाकट्या दिरांनी नवं घर बांधलं होतं, म्हणून त्या वर्षी दिवाळी त्यांच्याकडे. मुलंबाळं धरून आम्ही अकरा माणसं. घर छान, बाथरूमला छतापर्यंत टाइल्स, आणि नळाच्या वर भिंतीवर नवाकोरा गॅसचा गीझर. दुकानाच्या माणसाने स्वतः येऊन बसवून दिला होता. बाथरूम चार फूट बाय सहा फूट. वर एक छोटी खिडकी होती, पण समोरच्या घराची गच्ची नेमकी तिच्या रेषेत. म्हणून जाऊबाईंनी तिला आतून पुठ्ठा लावून चिकटपट्टीने बंद केली होती. कोणती बाई करणार नाही?

पहाटे साडेचारपासून अभ्यंगस्नानं सुरू झाली. एक बाहेर आला की दुसरा आत. दार उघडून हवा खेळायला उसंतच नाही. गीझर चालू तो चालूच. जाऊबाईंनी दोन्ही मुलांना आत उभं राहून तेल-उटणं लावून न्हाऊ घातलं. मग फराळाची ताटं केली. मला म्हणाल्या, "वहिनी, डोकं जड झालंय हो." मी म्हटलं, "माझंही. तळणीचा वास चढला असेल." सगळ्यांचं आवरून झालं आणि शेवटी, घरोघरी होतं तसंच, घरातली सून आंघोळीला गेली.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. आत पाण्याचा आवाज येतच होता. हाक मारली तर उत्तर नाही. दार ठोठावलं, तरी नाही. दिरांनी खांद्याने धक्के मारून कडी तोडली तेव्हा त्या बादलीशेजारी पडलेल्या होत्या. आम्ही बायकांनी त्यांना साडीत गुंडाळून पडवीत आणलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तळपाय चोळले. काही मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले, भडभडून उलटी झाली आणि डोकं धरून बसल्या.

आणि मग सुरू झाली कारणं! "रात्रभर जागून चकल्या तळल्या, पोटात काही नाही." "बारीकच आहे ती, रक्त कमी असणार." एका काकूंनी तर माझ्या कानात विचारलं, "गोड बातमी तर नाही ना?" मैत्रिणींनो, बाई चक्कर येऊन पडली की आपल्याकडे कारणांचा डबा तयारच असतो. उपास, जागरण, अशक्तपणा, दिवस गेलेत. घरातला एखादा पुरुष बाथरूममध्ये असा पडला असता, तर पहिल्या मिनिटाला बाथरूम तपासलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

ते तपासलं ते गावातल्या डॉक्टरांनी, आणि तेही दवाखान्यात बसून. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गीझर गॅसचा आहे का? कुठे बसवलाय?" बोटाला लावायचं यंत्र ऑक्सिजन व्यवस्थित दाखवत होतं, तरी त्यांनी लगेच मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला. पुढे कोरोनात ते यंत्र घरोघरी आलं, तेव्हा मला डॉक्टरांचे शब्द आठवले. ते म्हणाले होते, या विषारी वायूपुढे हे यंत्र फसतं. रक्तात ऑक्सिजनच्या जागी हा वायू बसलेला असला, तरी ते आकडा चांगलाच दाखवतं. म्हणून असं कुणी पडलं, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं की घरात गॅसचा गीझर किंवा निखाऱ्याची शेगडी चालू होती. ते नाही सांगितलं तर निदान चुकू शकतं.

त्या वायूचं नाव कार्बन मोनॉक्साइड. कोळसा, लाकूड, गॅस, काहीही जळताना पुरेशी हवा मिळाली नाही की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची आगसुद्धा होत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेपटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर गुदमरतं. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, मग हातापायातलं त्राण जातं. गैरसोय अशी की धोका कळेपर्यंत दारापर्यंत जाऊन कडी काढायचीच ताकद उरत नाही.

घरी आल्यावर दीर म्हणाले, "पण गॅसचा वास आला असता की!" हा समज फार जणांचा असतो. सिलिंडरच्या गॅसलाही मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात वासाचं द्रव्य मिसळतात. ते न जळलेल्या गॅसचं. जळून झालेल्या गॅसमधून जे बाहेर पडतं, त्याला तो वास येत नाही. वास नाही म्हणजे सगळं ठीक, हा हिशेब इथे चालत नाही.

आणि जाळ तरी किती! मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे चार मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं. चार बाय सहाच्या बंद खोलीत चार बर्नर पेटवून, दाराला कडी लावून आपण बसू का? गीझरच्या पांढऱ्या पत्र्याआड तो जाळ दिसत नाही, म्हणून बसतो.

तेव्हा गॅसचा गीझर घ्यायचाच असेल तर तो बाथरूमच्या आत नको, एवढं मी हट्टाने सांगते. मागच्या पडवीत, मोकळ्या बाजूच्या भिंतीवर बसवा आणि गरम पाणी नळीने आत आणा. मिस्त्री म्हणेल, "लांब पडेल, पाइप जास्त लागेल." लागू दे. चार फूट पाइपने कुणी भिकेला लागत नाही. तो असंही म्हणेल की आतच ठेवा आणि एग्झॉस्ट पंखा लावून घ्या. पण बाकी सगळं बंद ठेवून नुसता पंखा लावला, तर तो बाहेरून येईल ती हवा ओढतो आणि कधीकधी गीझरचा धूरच उलट खाली खेचतो.

त्याची निगाही आपल्यालाच करावी लागते. झाकणाच्या फटीतून जाळ बघायचा. निळा असला तर बरा. पिवळा, तांबूस, फडफडणारा दिसला किंवा वरच्या पत्र्यावर काजळी धरली की वापर बंद करून माणसाला बोलवायचं. कोकणात खारी हवा, पत्रा लवकर गंजतो. आणि बर्नरच्या भोकांत कोळी जाळं करतो! हसू नका, खरंच करतो. महिना-दीड महिना गीझर बंद राहिला की तेवढ्यात त्याचा संसार थाटून होतो, हवा अडते आणि जाळ पिवळा पडतो. गणपतीनंतर आणि दिवाळीआधी एकदा साफ करून घ्यावा. गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, नळीवर तारीख छापलेली असते. जाऊबाईंच्या घरातली आम्ही पाहिली तेव्हा ती नवीन होती म्हणा. पण माझ्या स्वयंपाकघरातली सात वर्षांची निघाली. लोकाला सांगे ब्रह्मज्ञान!

मग लाइटचा का नको? सगळ्यांचा एकच सूर: बिल. म्हणून मी एकदा पोराला वहीपेन्सिल घेऊन बसवलं. थंडीत आमच्या टाकीतलं पाणी साधारण २२ अंश असतं, अंगावर घ्यायला ४० पुरे. २० लिटरची बादली तेवढी तापवायला सुमारे ०.४ युनिट वीज लागते. चार माणसांच्या चार बादल्या, म्हणजे महिन्याला पन्नासच्या आसपास युनिट. तेच गॅसवर केलं तर १४.२ किलोचा सिलिंडर फक्त आंघोळीला वापरून अडीच-पावणेतीन महिने पुरतो. आता तुमच्या बिलावरचा युनिटचा दर आणि तुमच्या सिलिंडरची किंमत घालून गुणाकार तुम्हीच करा. दर बदलत राहतात, घरागणिक उत्तर वेगळं येईल. पण दुकानदार सांगतो तितका जमीन-अस्मानाचा फरक नाही निघत. आणि हा हिशेब दुकानात जाण्याआधी करायचा, नंतर नाही.

दुसरी फसगत टाकीच्या आकाराची. घरात दोनच माणसं आणि गीझर पंचवीस लिटरचा, कारण "मोठा घेतलेला बरा". पंधरा लिटरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी तयार झालं की गार पाणी मिसळून दीड बादलीहून थोडं जास्तच होतं. दोन हजार वॅटच्या गीझरला तेवढं तापवायला वीस मिनिटं लागतात. एकाचं झालं, वीस मिनिटांनी दुसऱ्याचं. सकाळी सगळ्यांना एकदमच कुठे जायचं असेल तर मोठा घ्या, नाहीतर रिकामी टाकी तापवत बसण्यात काय अर्थ? तारांकित लेबल बघून घ्यावा. जास्त तारे म्हणजे तापलेलं पाणी टाकीत जास्त वेळ गरम राहतं. आणि काटा साठच्या पुढे नेऊ नये. साठ अंशांचं पाणी लहान मुलाच्या अंगावर पडलं तर काही सेकंदांत फोड येतात. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. मुलाला मोरीत बसवून नळ सोडायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं, विशेषतः हौसेने नातवाला न्हाऊ घालणाऱ्या आजोबांना.

विजेच्या गीझरला जीव घ्यायला कार्बन मोनॉक्साइड लागत नाही, त्याला खराब अर्थिंग पुरतं. आमच्याकडची जमीन जांभ्या दगडाची. उन्हाळ्यात ओल गेली की अर्थिंग नावालाच उरतं. दरवर्षी थंडीआधी इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्या आणि मेन बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज कुठे झिरपू लागली की तो क्षणात लाइन तोडतो. गीझरचा प्लग मोठ्या पिनांचा, पंधरा-सोळा अँपिअरचा. त्याला अडॅप्टर लावून छोट्या प्लगमध्ये कोंबायचा नाही. आणि आंघोळीला बसताना बटण बंद. बादलीत सोडायच्या त्या रॉडबद्दल तर मी दोनच शब्द सांगते, नका वापरू. वापरावाच लागला तर आधी बटण बंद करून प्लग काढायचा, मगच पाण्याला बोट लावायचं. "पाणी तापलं का बघते" म्हणून चालू रॉडच्या बादलीत बोट बुडवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

बोअरवेलचं पाणी असेल तर टाकीत क्षार साचतात. कॉइलवर पांढरा थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो, आतून भाजल्यासारखा कडकड आवाज येतो. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून धुवावी. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी गंज स्वतः खाणारी ही कांडी एक-दोन वर्षांत संपते. ती बदलली नाही की मग टाकीचा नंबर! मिस्त्रीला "कांडी बघितलीत का हो?" एवढं विचारून पाहा. बाई काहीतरी जाणते म्हटल्यावर तो जास्त नीट काम करतो, हा माझा अनुभव.

सोलर चांगलं, परवडत असेल आणि गच्ची स्वतःची असेल तर. आठ महिने ऊन फुकटच आहे. पण कोकणात जून ते सप्टेंबर ते रुसून बसतं आणि नेमकं तेव्हाच घरात सर्दी-ताप असतो. म्हणजे दुसरी सोय ठेवावीच लागते. आणि ३ जून २०२०चं निसर्ग वादळ आम्ही कसं विसरू? दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. शेजारच्या बंगल्यावरच्या सोलरच्या काचेच्या नळ्या आमच्या अंगणात वेचल्या. आंब्या-फणसाची झाडं मात्र घरोघरी आडवी झालेली, लाकडाला तोटा नाही. तेव्हा अडगळीतला बंब खाली काढला, पण तो पेटवला अंगणात. उकिरड्यावर टाकला नव्हता म्हणून आम्ही आणि आजूबाजूची तीन घरं न्हाली. तुमच्याकडे असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. फक्त रिकामा पेटवू नका, डाख सुटतो, आणि तो लावून देणारा कारागीर आता शोधावा लागतो.

बंब अंगणात हे मी मुद्दाम लिहिलं. बंद खोलीत धुमसणारे निखारे गॅसच्या गीझरइतकेच वाईट, आणि इथेच मला बाळंतिणीबद्दल बोलायचं आहे. मागच्या जानेवारीत आशाताईंबरोबर एका वाडीत गेले होते. खोलीची दारं-खिडक्या गच्च बंद, फटींत फडकी कोंबलेली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. पोरगी बावीस-तेवीसची. म्हणाली, "चार दिवस डोकं दुखतंय, बाळ पण सारखं झोपून असतं, पीत नाही." आजी कौतुकाने म्हणाल्या, "शेकाने कसं शांत झोपतं बघा!" माझ्या अंगावर काटा आला. आशाताईंनी खिडकी उघडली तर आजी रागावल्या, "वारं बाधेल!" त्यांच्याशी भांडून उपयोग नव्हता, शेक देऊ नका म्हटलं असतं तर आम्ही गेल्यावर खिडकी पुन्हा बंद झाली असती. मी म्हटलं, "काकू, शेक द्या, पण शेगडी पडवीत ठेवा. फडकी तिथे तापवायची आणि आत आणून शेकायचं." ते त्यांना पटलं. मायलेकराला आशाताईंनी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन तपासून आणलं. पुढच्या फेरीला गेलो तेव्हा पोरगी पडवीतच ऊन घेत बसली होती, मांडीवर बाळ हातपाय झाडत होतं.

म्हाताऱ्यांसाठी आता मुंबईची मुलं खोली तापवायचे हीटर पाठवतात. आमच्या कौलारू घरांत त्याची ऊब वरच्या वर निघून जाते आणि बिल तेवढं खाली राहतं. त्यापेक्षा वाकळ, पायमोजे, कानटोपी आणि झोपण्याआधी अंथरुणात रबरी पिशवी. पिशवीत उकळतं पाणी भरायचं नाही, वर टॉवेल गुंडाळायचा, कारण मधुमेही माणसाच्या पायाला चटका कळत नाही. हीटर लावायचाच झाला तर पांघरुणापासून लांब, आणि झोपताना बंद.

असं कधी कुणी बाथरूममध्ये पडलं तर आधी दार सताड उघडा, गॅस बंद करा आणि माणसाला बाहेर मोकळ्यावर आणा. आत रेंगाळू नका, नाहीतर काढायला गेलेलाही पडतो. मग १०८. कांदा नंतर.

जाऊबाई वाचल्या. पण पुढचे दोन आठवडे त्यांना काही आठवायचं म्हटलं की वेळ लागायचा. गीझर मागच्या भिंतीवर गेला, वर पत्र्याची झड काढली. खिडकीचा पुठ्ठा काढून तिथे दुधी काचेच्या तिरक्या पट्ट्या बसवल्या. पट्ट्या बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या, त्यामुळे गच्चीतून काही दिसत नाही आणि वारा येतो. तीनशे-चारशे रुपयांचं काम. आणि दिवाळीत आता त्या घरात पहिली आंघोळ जाऊबाईंची असते. हे दिरांनीच ठरवलं, कुणी सांगावं लागलं नाही.

गटातल्या त्या मैत्रिणीचा काल फोन आला. "वहिनी, ह्यांनी टेप घेऊन मागची भिंत मोजली. जागा आहे, पण पावसाची झड येते. वरचा पत्रा किती पुढे काढू?"

म्हटलं, "अडीच फूट काढ. आणि बाजू मोकळ्या ठेव, प्लायवूडने बंद करू देऊ नकोस."

"ते हे म्हणतच होते, बंद करू या म्हणून..."

"मग ह्यांना फोन दे."